कठीण माणूस

कांचघर, जबलपूर
९ ऑगस्ट २०१८

सुमेधा,

नावाच्या आधी काही लिहायचं असतं, पण 'प्रिय' लिहिलं तर खोटं होईल. आणि माणसाच्या मनातलं ओळखणं हा आता तुझा धंदाच झाला आहे, म्हणून नुसतं नाव.

तुझा नंबर माझ्याजवळ नाही. तू बदलला तेव्हा कळवलं नाही. पुण्याच्या तुझ्या संस्थेचा पत्ता मोबाइलवर सापडला, तिथं हे पाठवून राहिली आहे.

काल दुपारी आमच्या ऑफिसात सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. वरून आदेश आला आहे, कर्मचाऱ्यांचं मन निरोगी राहिलं पाहिजे म्हणून. चंद्रशेखर साहेब म्हणाले, "चलो, सब लोग आँखें बंद करो. और कोई खर्राटे नहीं लेगा." मग स्पीकर लावला. एक बाई हिंदीत बोलू लागली. आवाज असा की तापलेल्या कपाळावर कोणी ओली घडी ठेवावी. मी डोळे मिटून डब्यातल्या उरलेल्या पोळीचा विचार करत होती. तेवढ्यात ती बाई म्हणाली, "अब अपन ज़रा अपनी साँस को देखेंगे."

त्या 'अपन'वर माझे डोळे उघडले. इतकी वर्षं बाहेर राहून तुझ्या तोंडातून जबलपूर गेलं नाही.

मग सगळं नीट ऐकलं. मन हे दंडाच्या स्नायूसारखं असतं, रोज थोडा सराव केला तर माया वाढते, मेंदूच्या चित्रांत ते दिसतं, तू आणि तुझ्या सोबतच्या लोकांनी ते तपासलं आहे. अच्छा. इथपर्यंत मला काही म्हणायचं नव्हतं. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग जवळच्या माणसाचं, मग ज्याच्याशी आपलं देणंघेणं नाही अशा कोणाचं, आणि शेवटी कठीण माणसाचं. आणि तिथं तू म्हणाली की तुझा कठीण माणूस म्हणजे तुझे वडील. त्यांचा हात फार चालायचा. तू रोज त्यांच्यासाठी म्हणत राहिली, आप सुखी रहें, आणि एक दिवस तुला कळलं की तू त्यांना माफ केलं आहे.

माझ्या बाजूला मनीषा बसते, नवीन मुलगी आहे. ती रडत होती. म्हणाली, "कितनी बड़ी बात है न दीदी? ये मैडम कौन हैं?"

मी म्हटलं, "पता नहीं."

सुमेधा, तू कोणाला माफ केलं? ज्यांना केलं ते आता कसे आहेत हे तुला माहीत तरी आहे का? दोन हिवाळ्यांआधी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं अर्धं कळतं. शिव्या पूर्ण कळतात. डावा हात अजून चांगला चालतो. दिवसा बेबीताई नावाची बाई येते, मी ऑफिसातून आली की ती जाते. आई गेली तेव्हा तू नागपूरपर्यंत आली आणि तिथूनच परत फिरली. त्यानंतर काल पहिल्यांदा तुझा आवाज ऐकला, तोही स्पीकरवर, साठ लोकांसोबत.

पुण्यात बसून माफ करता येतं. मी इथं त्यांची चादर बदलते.

मला उत्तर नको. ते माफीचं वाक्य काढून टाक, एवढंच.

विनता


कांचघर
११ सप्टेंबर २०१८

सुमेधा,

उत्तर नको म्हटलं होतं, तरी आलं. टाइप केलेलं, खाली सही. 'ताई' हा शब्द टाइप केलेला पाहून कसं वाटतं ते तुला सांगता येणार नाही.

तू लिहिलं आहे की माझा राग तुला समजतो, आणि तो शरीरात कुठं जाणवतो ते मी पाहावं. पाहिलं. गुडघ्यांत जाणवतो, बाबांना पलंगावरून खुर्चीत घेताना. कमरेत जाणवतो. तुझ्या शिबिरात लोक बहुतेक छातीत सांगत असतील.

ते वाक्य काढणार नाही म्हणते. त्याने हजारो लोकांना धीर आला, बायका तुला पत्रं लिहितात. मग त्यांच्यासोबत माझंही ठेव.

पुढं तू सराव कसा करायचा ते समजावलं आहे. मनात माया आणायची नाही, ती येतही नाही. नुसतं भलं चिंतायचं, रोज, पोळ्या लाटाव्या तसं. कठीण माणसापासून सुरू करू नको म्हणते. आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांना याचा गुण येतो हे तपासून सिद्ध झालं आहे म्हणते. सुमेधा, तू माझी बहीण म्हणून लिहून राहिली की मी तुझ्या तपासणीतली एक बाई आहे?

बाबांना सांगितलं तुझं पत्र आलं म्हणून. त्यांनी डाव्या हातानं पांघरूण ओढून घेतलं. मग म्हणाले, "कोण?"

मुद्दाम म्हणाले की खरंच विसरले, ते मला कळलं नाही. तुला तुझ्या सोयीनं घे.

विनता


कांचघर
२८ ऑक्टोबर २०१८

सुमेधा,

हे पत्र लिहायचं नव्हतं. पण दुसऱ्या कोणाला सांगू? मनीषाला सांगितलं तर ती रडेल. बेबीताईला सांगितलं तर ती म्हणेल, "जाऊ द्या न ताई, म्हातारं माणूस आहे." तुला सांगते, काहून की तो हात कसा असतो ते तुलाच माहीत आहे.

दसऱ्याच्या सकाळी मी बाबांना खिचडी भरवत होती. त्यांनी डाव्या हातानं वाटी उडवली. गरम खिचडी माझ्या गळ्यावर आली. आणि त्यांना हसू आलं. अर्ध्या तोंडानं हसले. मी वाटी उचलली, पुन्हा भरली, आणि चमचा त्यांच्या तोंडात असा घातला की ओठ फुटला. रक्त आलं. ते माझ्याकडे बघत राहिले. लहान मुलं बघतात तसं. आपण बघायचो तसं.

मला वाईट वाटलं असतं तर मी तुला लिहिलं नसतं. सुमेधा, मला बरं वाटलं. एक क्षण, पण पोटभर बरं वाटलं. त्यानंतर मी अंगणात जाऊन उलटी केली.

त्या दिवसापासून तुझं रेकॉर्डिंग लावते. तुझ्यासाठी नाही, बाबांसाठीही नाही. माझ्या हाताची भीती वाटली म्हणून.

स्वतःचं भलं चिंतायचं ते मी सोडून देते, ते माझ्यानं होत नाही. जवळचं माणूस म्हणून आईला घेते, पण ती तर गेली, तिचं आता काय भलं व्हायचं? तिसरं मात्र जमलं. ज्याच्याशी देणंघेणं नाही असा माणूस. आपल्या कोपऱ्यावर नथ्थू इस्त्रीवाला बसतो, त्याला धरलं. नथ्थू सुखी राहो, नथ्थूचं दुखणं कमी होवो. पहिले काही दिवस मला माझंच हसू आलं. मग एक दिवस ऑफिसातून येताना दिसलं की त्याचा डावा पाय सुजला आहे आणि तो एकाच पायावर उभा राहून इस्त्री करून राहिला आहे. इतकी वर्षं मी त्याच्याजवळ कपडे देते, पाय कधी पाहिला नव्हता. विचारलं तर म्हणाला, "अरे दीदी, ये तो बहुत दिन से ऐसा ही है."

बाबांच्या बाबतीत काय झालं ते सांगते, आणि तू त्याचं काही मोठं करू नको. राग आधी खांद्यात येतो. मग दात आवळतात. हात सगळ्यात शेवटी उठतो. या मधली जागा मला पहिले दिसतच नव्हती, आता दिसते. दिसली की मी वाटी खाली ठेवते, अंगणात जाते, उभी राहते, परत येते. तुम्ही लोक याला करुणा म्हणता की काय ते मला माहीत नाही. मी याला वाटी खाली ठेवणं म्हणते.

तुझं म्हणणं इतकं तरी खरं निघालं. ते कबूल करताना मला किती कष्ट पडले ते तुला कळलं पाहिजे, म्हणून लिहिलं.

तू डिसेंबरमध्ये इथल्या कार्यक्रमाला येणार आहे असं चंद्रशेखर साहेबांकडून कळलं. तुझ्याकडून नाही. जबलपुरात येतेच आहे तर घरी ये. कांचघर पुण्याहून जितकं दूर आहे तितकं काही स्टेशनपासून दूर नाही.

विनता


कांचघर
१७ डिसेंबर २०१८

सुमेधा,

तू पोचली असशील.

कार्यक्रमात मी मागे बसली होती. तू चांगली बोलते. पांढरे केस लपवत नाही, ते मला आवडलं. लोकांनी प्रश्न विचारले, एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं की नवऱ्याला माफ नाही करता आलं तर काय करायचं. तू म्हणाली, "थोड़ा-थोड़ा, अम्मा. रोज़ थोड़ा-थोड़ा." सगळा हॉल तुझ्या हातात होता.

म्हणूनच घरी जे झालं ते मला अजून समजत नाही. तुला समजलं का? तू तर लगेच निघून गेली, म्हणून मी जे पाहिलं ते लिहिते.

तू दारात चपला काढल्या. मी म्हटलं, "बाबा, पहा कोण आलं." ते खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. बेबीताईनं खुर्ची वळवली. त्यांनी तुला पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग त्यांच्या तोंडातून "इंदू" निघालं. आईचं नाव. तू तिच्यासारखी दिसते आता, ते खरं आहे. आणि त्यांनी डावा हात वर केला.

तू दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि भिंतीला टेकून खाली बसली.

तुझ्यात आणि त्यांच्यात आख्खी खोली होती, सुमेधा. ते खुर्चीतून उठूही शकत नाहीत. तू शेहेचाळीस वर्षांची, देशभर लोकांना श्वास घ्यायला शिकवणारी बाई, आणि तू अशी बसली होती जशी मोरीजवळ बसायची, कानावर कोपरं ठेवून. बेबीताई म्हणाली, "अरे देवा, ताईले काय झालं?" मी तुझ्या खांद्याला हात लावला तर तू मलाही झिडकारलं. मग उठली, पदर सारखा केला, आणि अगदी त्या रेकॉर्डिंगच्या आवाजात म्हणाली, "ताई, मला गाडी पकडायची आहे." गाडीला चांगले चार तास होते.

बाबांचा हात अजून वरच होता. तो मारायला उठला होता की आईला बोलवायला की डोक्यावर ठेवायला, ते मी सांगू शकत नाही. तूही सांगू शकत नाही. त्यांना स्वतःलाही सांगता येणार नाही.

मला वाटलं होतं, तू अशी तोंडावर पडली तर मला आनंद होईल. चार महिने मी त्याचीच वाट पाहून राहिली होती. झाला नाही. तू गेल्यावर मी बाबांना जेवायला दिलं नाही, बेबीताईनं दिलं.

आता तरी ते वाक्य काढ. मला लागतं म्हणून नाही. ज्या म्हाताऱ्या बाईला तू 'थोड़ा-थोड़ा' म्हणाली, ती घरी जाऊन स्वतःला दोष देत असेल, की त्या मॅडमना जमलं आणि मला काहून जमत नाही.

विनता


कांचघर
२० जानेवारी २०१९

सुमेधा,

या वेळी तू हातानं लिहिलं. अक्षर अजून तसंच आहे, 'र' उलटा काढते.

तू वाक्य काढलं हे वाचलं. बरं केलं. त्या जागी काय ठेवणार हे अजून ठरत नाही म्हणते, तर काही नको ठेवू. लोकांना जरा गप्प बसू दे.

पण त्याच पत्रात खाली तू लिहिलं आहे, "तुला तिथं कोणी थांबवलं नव्हतं, ताई."

हे मी कितीदा वाचलं असेल. स्वयंपाकघरात वाचलं, ऑफिसच्या बाथरूममध्ये वाचलं. तू एकोणिसाव्या वर्षी शिकायला म्हणून गेली, तेव्हा बाबा दारात उभे होते आणि मी त्यांच्या आणि तुझ्या मध्ये उभी होती. तुझी पेटी माझ्याच हातानं बाहेर गेली. त्यानंतर रामकृष्णनं मला लग्नाचं विचारलं होतं. त्याची बदली नागपूरला झाली होती, म्हणाला, चल. मी म्हटलं, आईला यांच्याजवळ एकटं कसं टाकू? तो दोन वर्षं थांबला, मग नाही थांबला. त्याला मी दोष देत नाही. त्या घरातून एकच जण निघू शकत होता, सुमेधा. दुसऱ्याला आत राहून दार धरावं लागत होतं. तू निघाली. मग कोणी थांबवलं नव्हतं हे तू कोणत्या तोंडानं लिहिते?

दोन दिवस तुला शिव्या दिल्या. मोठ्यानं दिल्या, बाबाही चमकून बघू लागले.

पण तुझं वाक्य डोक्यातून जाईना. तेव्हा नव्हतं थांबवलं की होतं, ते जाऊ दे. आई तर आता नाही. मग आता कोणी थांबवलं आहे?

त्या दिवशी पहिल्यांदा मी सरावातली पहिली पायरी केली, जी रोज सोडून देत होती. पोळ्या करता करता म्हटलं, मी सुखी राहो. तोंडातून निघेना. नथ्थूसाठी निघतं, चंद्रशेखर साहेबांसाठीसुद्धा निघालं होतं एकदा, आणि स्वतःसाठी नाही. मी जोर लावून म्हटलं. बेबीताई आतून म्हणाली, "काय म्हटलं ताई? काही पाहिजे काय?"

मी म्हटलं, "हो."

ती दारात येऊन उभी राहिली. "काय पाहिजे?"

मी तव्याकडे पाहिलं. पोळी जळली. पण त्या बाईनं काय पाहिजे हे विचारलं, आणि मी हो म्हटलं, एवढंच दिवसभर मनात फिरत राहिलं.

माफी मागू नको. मागितली तर मला ती टाइप केलेलीच वाटेल.

विनता


कांचघर
१० मार्च २०१९

सुमेधा,

बाबांना मी वृद्धाश्रमात ठेवलं. ग्वारीघाटच्या वाटेवर आहे, एक ट्रस्ट चालवतो. स्वच्छ आहे, डॉक्टर येतात, खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं. मी तीनदा जाऊन पाहून आली. तुला विचारलं नाही, काहून की तू हो म्हणाली असती आणि मग ते आपण दोघींनी ठरवलं असं झालं असतं. हे मी ठरवलं आहे.

शेजारच्या पुष्पाकाकू म्हणाल्या, "पोटच्या पोरीनं असं करावं?" त्या रात्रंदिवस आमच्या भिंतीला लागून राहिल्या, सगळं ऐकत राहिल्या. मी म्हटलं, "काकू, पोटच्या पोरीनंच इतके दिवस केलं." त्यांनी दार लावून घेतलं.

बाबांना मी ऑटोत बसवून नेलं. आश्रमाच्या खोलीत पलंगावर टेकवलं तेव्हा माझी बाही धरली. म्हणाले, "काहून... आणलं मले?"

मी खूप उत्तरं पाठ केली होती. इथं डॉक्टर आहेत, इथं तुमच्या वयाचे लोक आहेत. त्यांतलं एकही म्हटलं नाही. मी म्हटलं, "मी थकली बाबा. आणि मला तुमची अजून भीती वाटते. तुमच्याजवळ राहून मी तुमच्यासारखी होऊन राहिली होती."

त्यांना किती समजलं, देव जाणे. बाही सोडली नाही. मी एकेक बोट सोडवलं. राग नव्हता त्यात, मायाही नव्हती. तुझ्या तपासणीत याला कोणता खण आहे ते पाहून घे.

तेवढ्यात तिथला सेवक आत आला, तरुण माणूस. "नमस्ते दादाजी, कैसे हैं?" आणि सुमेधा, बाबांचं तोंड बदललं. ते हसले. छान हसले, रेल्वेत नोकरीला होते त्या दिवसांत दारी आलेल्या परक्या माणसासमोर हसायचे तसे. चांगला हात कपाळाला लावून म्हणाले, "आइए... भैया. बैठिए." हे शब्द अगदी स्पष्ट निघाले. बैठिए. आपल्या आईला त्यांनी उभ्या जन्मात एकदा तरी बस म्हटलं असेल का? हा माणूस कुठं तरी त्यांच्यात होता. कायम होता. तो आपल्याला दिला नाही, बस्स.

मी बाहेर आली. रडू येईल असं वाटलं होतं, पण भूक लागली. घरी आली तर बेबीताई सवयीनं आलेली. तिला सांगायला विसरली होती. आम्ही दोघी जमिनीवर बसून वांग्याची भाजी आणि भाकर खाल्ली. ती म्हणाली, "आता ताई, तुमी काय करसान?" मी म्हटलं, "माहीत नाही." ती म्हणाली, "मंग आधी झोपा."

मी दिवसाउजेडी झोपली, खोलीचं दार उघडं टाकून. या घरात असं पहिल्यांदाच.

दर रविवारी मी त्यांना भेटायला जाईन. मी त्यांना माफ केलं नाही. बहुतेक करणारही नाही. त्यांचं दुखणं कमी होवो असं मात्र म्हणते, नथ्थूसाठी म्हणते तितकंच. तू जाते की नाही, ते तुझं तू पाहा. जबरदस्ती नाही, आणि नाही गेली तर मी तुला वाईट म्हणणार नाही. तुला भिंतीला टेकून बसलेली पाहिली आहे मी.

पण तुझ्यावरचा राग गेलेला नाही, तो वेगळा आहे, तो तू सरावानं माझ्याकडून काढून घेऊ नको. त्यासाठी तुला समोर बसावं लागेल आणि ऐकावं लागेल, मधे न बोलता.

घर रिकामं आहे. आता इथं हात उचलणारं कोणी नाही. यायचं असेल तर ये. गाडी पकडायची नसेल अशा दिवशी ये.

विनता